प्रादेशिक आरोग्य माहिती विनिमय

प्रादेशिक आरोग्य माहिती विनिमय म्हणजे एखाद्या शहरातील, जिल्ह्यातील किंवा राज्यातील रुग्णालये, दवाखाने, रोगनिदान प्रयोगशाळा, औषध दुकाने आणि आरोग्य विमा कंपन्या यांनी रुग्णांच्या इलेक्ट्रॉनिक वैद्यकीय नोंदी ठरावीक नियमांनुसार परस्परांना उपलब्ध करून देण्याची व्यवस्था होय. ‘आरोग्य माहिती विनिमय’ हा शब्दप्रयोग ही देवाणघेवाण आणि ती घडवून आणणारी संस्था अशा दोन्ही अर्थांनी वापरला जातो. अशा प्रादेशिक संस्थांचा सर्वाधिक विकास अमेरिकेत झाला.

अमेरिकेत या दिशेने संघटित प्रयत्न १९९० च्या दशकात सुरू झाले. इंडियाना राज्यातील व्यवस्था टिकली आणि विस्तारली, तर कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा परगण्यातील बहुचर्चित प्रकल्प २००६ मध्ये बंद पडला. संगणकीय जोडणीची साधने दोन्हीकडे उपलब्ध होती. खर्च कोणी करायचा, लाभ कोणाच्या पदरात पडतो, चूक झाल्यास जबाबदारी कोणाची आणि आपली माहिती कोणाच्या हाती जाते याबद्दल रुग्णाला भरवसा वाटतो का, हे प्रश्न अशा संस्थांच्या यशापयशात निर्णायक ठरले आहेत.

पार्श्वभूमी

एकाच रुग्णाच्या वैद्यकीय नोंदी सहसा अनेक ठिकाणी विखुरलेल्या असतात. कुटुंबाच्या डॉक्टरांकडे जुन्या आजारांची माहिती असते, प्रयोगशाळेकडे रक्त-लघवीच्या तपासण्यांचे अहवाल असतात, रुग्णालयाकडे शस्त्रक्रियेची टिपणे असतात आणि औषध दुकानाकडे दिलेल्या औषधांची यादी असते. विमा कंपनीकडे या सर्वांच्या देयकांची नोंद असते. मात्र त्या नोंदीत निदानाचा सांकेतिक क्रमांक असला तरी तपासणीचा निष्कर्ष बहुधा नसतो. यांपैकी कोणाकडेही रुग्णाचे पूर्ण चित्र नसते.

या विखुरलेपणाचा सर्वाधिक फटका आपत्कालीन विभागात बसतो. बेशुद्धावस्थेत आणलेल्या रुग्णाला कोणत्या औषधाचे वावडे आहे, तो रक्त पातळ करणारी औषधे घेतो का, आदल्या आठवड्यात त्याचे सीटी स्कॅन झाले आहे का, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरला ठाऊक नसते. परिणामी तपासण्यांची पुनरावृत्ती होते, अनावश्यक भरती करावी लागते किंवा परस्परविरोधी औषधे दिली जाण्याचा धोका निर्माण होतो.

ऑगस्ट २००५ मधील कतरिना चक्रीवादळाने हा प्रश्न अमेरिकेतील सर्वसामान्यांच्या लक्षात आणून दिला. न्यू ऑर्लिन्स व परिसरातील दवाखान्यांच्या कागदी नोंदी मोठ्या प्रमाणावर नष्ट झाल्या आणि अन्य राज्यांत आश्रय घेतलेल्या दीर्घकालीन रुग्णांच्या औषधांची माहिती मिळेनाशी झाली. माजी सैनिकांसाठीच्या शासकीय रुग्णालयांच्या नोंदी इलेक्ट्रॉनिक असल्यामुळे त्या इतर शहरांतूनही पाहता आल्या. औषध दुकानांच्या साखळ्या व शासकीय विमा योजना यांच्याकडील माहिती एकत्र करून ‘कतरिनाहेल्थ’ हे तात्पुरते संकेतस्थळ उभारण्यात आले. त्याद्वारे डॉक्टरांना विस्थापितांची औषधे पाहण्याची सोय झाली.

कार्यपद्धती

देवाणघेवाणीचे प्रकार

आरोग्य माहितीची देवाणघेवाण मुख्यतः तीन प्रकारे होते.

पहिल्या प्रकारात माहिती थेट पाठवली जाते. प्रयोगशाळेचा अहवाल डॉक्टरकडे किंवा रुग्णालयाचा सारांश पुढील उपचार करणाऱ्या दवाखान्याकडे सुरक्षित संदेशाद्वारे जातो. माहिती कोणाला हवी आहे हे पाठवणाऱ्याला आधीच ठाऊक असते.

दुसऱ्या प्रकारात माहिती शोधली जाते. रुग्ण अनपेक्षितपणे समोर आल्यावर डॉक्टर त्याच्या जुन्या नोंदींसाठी विचारणा करतो आणि प्रदेशातील अन्य संस्थांकडे असलेल्या नोंदी त्याला दिसतात. आपत्कालीन उपचारांत हा प्रकार विशेष उपयोगी ठरतो.

तिसऱ्या प्रकारात देवाणघेवाण रुग्णामार्फत होते. रुग्ण स्वतःच्या नोंदी मिळवून भ्रमणध्वनीवरील उपयोजनात एकत्र ठेवतो आणि आपल्या इच्छेनुसार डॉक्टरला किंवा विमा कंपनीला दाखवतो.

रचना

नोंदी कोठे साठवायच्या यावरून विनिमय संस्थांच्या रचनेचे तीन प्रकार मानले जातात. केंद्रीय रचनेत सर्व सहभागी संस्थांच्या नोंदींची प्रत एका सामाईक कोठारात ठेवली जाते. त्यामुळे शोध वेगाने होतो व संशोधनासाठी माहिती वापरणे सोपे जाते. परंतु कोठारावर हल्ला झाल्यास मोठी हानी संभवते आणि प्रतिस्पर्धी रुग्णालये आपली माहिती तेथे ठेवण्यास नाखूश असतात. विकेंद्रित किंवा संघीय रचनेत नोंदी मूळ संस्थेकडेच राहतात. मध्यवर्ती यंत्रणेकडे केवळ ‘कोणत्या रुग्णाची नोंद कोठे आहे’ याची अनुक्रमणिका असते. यात प्रत्येक संस्थेचे आपल्या माहितीवर नियंत्रण राहते, पण एखाद्या संस्थेची यंत्रणा बंद असल्यास रुग्णाचे चित्र अपुरे राहते. संमिश्र रचनेत या दोहोंचा मेळ घातला जातो. प्रत्येक संस्थेची माहिती सामाईक जागी पण स्वतंत्र कप्प्यात ठेवली जाते आणि रुग्णाच्या उपचारासाठी विचारणा झाल्यावरच ती एकत्र दाखवली जाते.

मानके

एका संगणकप्रणालीतील नोंद दुसरीला वाचता यावी यासाठी समान मानके आवश्यक असतात. १९८७ मध्ये स्थापन झालेल्या एचएल७ या संस्थेची संदेश-मानके रुग्णालयांत दीर्घकाळ वापरात आहेत. तपासण्यांच्या नावांसाठी ‘लॉइंक’, वैद्यकीय संज्ञांसाठी ‘स्नोमेड सीटी’, आजारांच्या वर्गीकरणासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे ‘आयसीडी’ आणि क्ष-किरण, सीटी स्कॅन इत्यादी प्रतिमांसाठी ‘डायकॉम’ ही मानके प्रचलित आहेत. एकच रक्तशर्करा चाचणी दोन प्रयोगशाळांत वेगवेगळ्या नावांनी नोंदवली जात असेल, तर लॉइंकच्या सामाईक क्रमांकामुळे दोन्ही निष्कर्ष एकाच तक्त्यात मांडता येतात.

ऑस्ट्रेलियातील ग्रॅहम ग्रीव्ह यांनी २०११ मध्ये आराखडा मांडलेले एचएल७ संस्थेचे ‘एफएचआयआर’ हे मानक, ज्याचा उच्चार ‘फायर’ असा होतो, आता सर्वाधिक स्वीकारले जात आहे. त्यात संपूर्ण दस्तऐवज पाठवण्याऐवजी रुग्ण, औषध, तपासणी, विमा दावा अशा छोट्या घटकांत माहिती विभागली जाते आणि नेहमीच्या वेब-तंत्रज्ञानाने तिची मागणी करता येते.

रुग्णाची ओळख

निरनिराळ्या संस्थांतील नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत हे ठरवणे हा विनिमयातील कठीण भाग मानला जातो. अमेरिकेत १९९६ च्या ‘हिपा’ कायद्यात प्रत्येक व्यक्तीसाठी आरोग्य ओळख क्रमांकाची तरतूद होती. मात्र खाजगीपणाच्या चिंतेमुळे १९९८ पासून अमेरिकी काँग्रेसने अर्थसंकल्पीय कायद्याद्वारे असे मानक लागू करण्यासाठी शासकीय निधी वापरण्यास मनाई केली. त्यामुळे नाव, जन्मतारीख, लिंग, पत्ता व दूरध्वनी क्रमांक यांच्या आधारे संभाव्यतेची गणिते मांडून नोंदी जुळवाव्या लागतात. विवाहानंतर बदललेले आडनाव, स्पेलिंगमधील फरक किंवा समान नाव-जन्मतारखेच्या दोन व्यक्ती यांमुळे चुका होतात. नोंद जुळली नाही तर माहिती मिळत नाही. पण चुकीची नोंद जुळली तर दुसऱ्याच व्यक्तीच्या रक्तगटावर किंवा औषधांच्या यादीवर विसंबून उपचार होण्याचा धोका असतो.

इतिहास

प्रारंभीचे प्रयत्न

जॉन ए. हार्टफर्ड फाउंडेशनने १९९० मध्ये अमेरिकेतील काही प्रदेशांत सामुदायिक आरोग्य व्यवस्थापन माहिती प्रणाली उभारण्यासाठी साहाय्य सुरू केले. त्यामागे आरोग्यसेवेचा खर्च व दर्जा मोजण्याचा हेतू होता. त्यानंतर अनेक शहरांत सामुदायिक माहिती जाळी स्थापन झाली. त्या काळातील महाग दळणवळण, समान मानकांचा अभाव आणि प्रतिस्पर्धी रुग्णालयांमधील अविश्वास यांमुळे यांतील बहुतेक जाळी दशकाच्या अखेरीपर्यंत बंद पडली.

इंडियाना

इंडियानापोलिस येथील रेगनस्ट्रीफ इन्स्टिट्यूटमध्ये क्लेमेंट मॅकडॉनल्ड यांनी १९७२ मध्ये इलेक्ट्रॉनिक वैद्यकीय नोंदींची प्रणाली सुरू केली. याच संस्थेने १९९४ मध्ये लॉइंक मानकाचे काम हाती घेतले. १९९० च्या दशकाच्या मध्यात शहरातील परस्परस्पर्धी रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांना जोडणारे ‘इंडियाना नेटवर्क फॉर पेशंट केअर’ हे जाळे आकाराला आले. त्यात प्रत्येक रुग्णालयाची माहिती स्वतंत्र कप्प्यात ठेवली जाई आणि रुग्ण आपत्कालीन विभागात दाखल झाल्यावरच त्याच्या सर्व नोंदी उपचार करणाऱ्या डॉक्टरला एकत्र दिसत. या मर्यादेमुळे रुग्णालयांना सहभागी होणे सुकर झाले.

या जाळ्याचा दैनंदिन कारभार पाहण्यासाठी २००४ मध्ये ‘इंडियाना हेल्थ इन्फर्मेशन एक्स्चेंज’ ही ना-नफा संस्था स्थापन झाली. तिने सर्वप्रथम रुग्णालयांतील तपासणी अहवाल डॉक्टरांपर्यंत इलेक्ट्रॉनिक स्वरूपात पोहोचवण्याची सेवा दिली. हे अहवाल टपाल, फॅक्स व निरोप्यांमार्फत पाठवण्यावर रुग्णालये आधीपासूनच खर्च करत होती. तेच काम कमी खर्चात होत असल्यामुळे त्यांनी या सेवेचे शुल्क दिले आणि संस्थेला अनुदानाव्यतिरिक्त नियमित उत्पन्नाचा आधार मिळाला. सिनसिनाटी परिसरात १९९७ मध्ये स्थापन झालेल्या ‘हेल्थब्रिज’ या संस्थेनेही अहवाल पोहोचवण्याच्या सेवेवरच आपला पाया उभारला.

सांता बार्बरा

कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा परगण्यात १९९८ च्या सुमारास ‘सांता बार्बरा काउंटी केअर डेटा एक्स्चेंज’ या प्रकल्पाची आखणी झाली. त्याला कॅलिफोर्निया हेल्थकेअर फाउंडेशनने सुमारे १ कोटी डॉलरचे साहाय्य दिले आणि तांत्रिक उभारणी केअरसायन्स या कंपनीकडे होती. नोंदी मूळ संस्थांकडेच ठेवून त्यांची थेट देवाणघेवाण करण्याची त्याची रचना देशभर आदर्श मानली गेली. केअरसायन्सचे प्रमुख डेव्हिड ब्रेलर यांची पुढे मे २००४ मध्ये अमेरिकेचे पहिले राष्ट्रीय आरोग्य माहिती तंत्रज्ञान समन्वयक म्हणून नियुक्ती झाली.

प्रत्यक्षात तांत्रिक काम लांबत गेले. माहिती चुकीच्या हाती गेल्यास कायदेशीर जबाबदारी कोणाची, यावर सहभागी संस्थांमधील चर्चा दीर्घकाळ चालली. दरम्यान काही संस्थांनी आपापल्या डॉक्टरांना अहवाल पाहण्याची स्वतंत्र सोय करून दिल्यामुळे सामाईक व्यवस्थेची निकड कमी झाली. अनुदान संपत आले तेव्हा चालू खर्च उचलण्यास सहभागी संस्था पुढे आल्या नाहीत आणि डिसेंबर २००६ मध्ये प्रकल्प थांबवण्यात आला. प्रारंभापासून बाह्य अनुदानावर विसंबल्यामुळे ‘ही सेवा विकत घेण्याइतकी उपयुक्त आहे का’ या प्रश्नाला सहभागी संस्थांना वेळेत सामोरे जावे लागले नाही, हा या प्रकल्पाच्या अभ्यासातून निघालेला एक प्रमुख निष्कर्ष आहे.

राष्ट्रीय धोरण

राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी २७ एप्रिल २००४ रोजी कार्यकारी आदेशाद्वारे राष्ट्रीय समन्वयकाचे पद निर्माण केले. बहुसंख्य अमेरिकी नागरिकांना दहा वर्षांत इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदी उपलब्ध करून देण्याचे उद्दिष्ट त्यांनी जाहीर केले होते. त्यानंतर देशभर ‘प्रादेशिक आरोग्य माहिती संघटना’ स्थापन होऊ लागल्या. मात्र २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सर्वेक्षणात पाहणी केलेल्या १४५ संघटनांपैकी जवळपास एक चतुर्थांश बहुधा बंद पडलेल्या आढळल्या आणि किमान मध्यम आकाराच्या व प्रत्यक्ष वैद्यकीय माहितीची देवाणघेवाण करणाऱ्या केवळ २० निघाल्या. याच काळात डेलावेअर या छोट्या राज्याने कायद्याने स्थापन केलेले राज्यव्यापी जाळे २००७ मध्ये कार्यान्वित केले.

फेब्रुवारी २००९ मध्ये आर्थिक उत्तेजन कायद्याचा भाग म्हणून ‘हायटेक’ कायदा मंजूर झाला. प्रमाणित इलेक्ट्रॉनिक नोंदप्रणालीचा ‘अर्थपूर्ण वापर’ करणाऱ्या डॉक्टरांना व रुग्णालयांना मेडिकेअर आणि मेडिकेड या शासकीय विमा योजनांतून प्रोत्साहनपर रक्कम देण्यात आली, तसेच राज्यस्तरीय माहिती विनिमयासाठी ५० कोटी डॉलरहून अधिक निधी मिळाला. किमान मूलभूत इलेक्ट्रॉनिक नोंदप्रणाली वापरणाऱ्या रुग्णालयांचे प्रमाण २००८ मधील ९.४ टक्क्यांवरून २०१५ मध्ये ८३.८ टक्क्यांवर गेले. नोंदी इलेक्ट्रॉनिक झाल्या तरी त्या परस्परांना उपलब्ध होतीलच असे नव्हते. कार्यरत विनिमय संस्थांची संख्या २०१२ मध्ये ११९ होती, ती शासकीय निधी आटू लागल्यावर २०१४ मध्ये १०६ झाली.

डिसेंबर २०१६ मधील ‘एकविसाव्या शतकातील उपचार कायद्या’ने माहितीची अडवणूक बेकायदेशीर ठरवली. नोंदप्रणालींचे निर्माते व विनिमय संस्था यांना अशा प्रत्येक उल्लंघनासाठी १० लाख डॉलरपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. याच कायद्यानुसार वेगवेगळी जाळी जोडणारी राष्ट्रीय चौकट तयार करण्यात आली. तिचा सामाईक करार जानेवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि डिसेंबर २०२३ मध्ये पाच जाळ्यांना प्रथम मान्यता मिळाली. नोंदप्रणाली बनवणाऱ्या कंपन्यांनीही स्वतःची देशव्यापी जाळी उभारल्यामुळे प्रादेशिक संस्थांना आपल्या भूमिकेचा फेरविचार करावा लागला. रुग्ण भरती झाल्याची सूचना त्याच्या डॉक्टरला देणे, साथरोगांची माहिती शासनाला पुरवणे आणि सेवेच्या दर्जाचे मापन करणे या कामांवर अनेक संस्थांनी भर दिला. कोविड-१९ साथीच्या काळात या जोडण्यांचा उपयोग सार्वजनिक आरोग्य विभागांना झाला.

अर्थकारण

हेल्थ अफेअर्स या नियतकालिकात जानेवारी २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने पूर्ण मानकीकृत माहिती विनिमयातून अमेरिकेत दरवर्षी ७,७८० कोटी डॉलरची निव्वळ बचत होऊ शकते, असा अंदाज वर्तवला. या आकड्याचा धोरणकर्त्यांवर मोठा प्रभाव पडला, परंतु तो गणिती प्रतिमानावर आधारलेला होता. प्रत्यक्ष वापराच्या अभ्यासांत मिळालेले निष्कर्ष अधिक माफक आहेत. इंडियानापोलिसमधील दोन रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत झालेल्या व २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका रुग्णालयात दर भेटीमागे सुमारे २६ डॉलरची घट दिसली, तर दुसऱ्यात फरक आढळला नाही.

टेनेसी राज्यातील मेम्फिस येथील १२ आपत्कालीन विभागांच्या अभ्यासात, जो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, सुमारे ६.८ टक्के भेटींच्या वेळी डॉक्टरांनी सामाईक नोंदी पाहिल्याचे दिसले. त्यातून वर्षाला सुमारे १९ लाख डॉलरची बचत झाली आणि ती जवळजवळ सर्वस्वी टळलेल्या भरतींमुळे झाली होती.

या शेवटच्या निष्कर्षात विनिमयाच्या अर्थकारणातील मूळ पेच दिसतो. सेवेनुसार शुल्क आकारण्याच्या पद्धतीत टळलेली भरती किंवा टळलेले स्कॅन म्हणजे रुग्णालयाचे बुडालेले उत्पन्न असते. बचत मात्र विमा कंपनीची, शासकीय विमा योजनेची आणि अंशतः रुग्णाची होते. याउलट नोंदी तयार करण्याचा व जोडणीचा खर्च रुग्णालय आणि डॉक्टर यांच्यावर पडतो. शिवाय रुग्णाच्या नोंदी आपल्याकडेच असणे हे रुग्ण टिकवून ठेवण्याचे साधनही असते. त्यामुळे विमा कंपन्यांचे शुल्क, शासकीय निधी किंवा रुग्णालयांचा थेट खर्च वाचवणारी सेवा यांपैकी एखादा स्थिर आधार असल्याशिवाय विनिमय संस्था तग धरू शकत नाहीत, असे दिसून आले आहे.

विमा कंपन्यांचा सहभाग

विमा कंपन्यांना वैद्यकीय नोंदींची गरज मुख्यतः दाव्यांची पडताळणी, महागड्या उपचारांना पूर्वमान्यता, दीर्घकालीन आजारांचे व्यवस्थापन आणि रुग्णालयांच्या सेवेचे मूल्यमापन यांसाठी असते. त्यांच्याकडील दाव्यांची माहिती डॉक्टरांनाही उपयोगी पडते, कारण रुग्णाने कोणकोणत्या ठिकाणी उपचार घेतले याचा माग तीत असतो.

अमेरिकेत मेडिकेअर व मेडिकेड केंद्राच्या २०२० मधील नियमाने शासकीय कार्यक्रमांशी संबंधित विमा योजनांना सभासदांची दाव्यांची व वैद्यकीय माहिती एफएचआयआर मानकानुसार उपयोजनांना उपलब्ध करून देणे बंधनकारक केले. जानेवारी २०२४ मधील नियमानुसार अशा योजनांनी पूर्वमान्यतेच्या तातडीच्या मागणीवर ७२ तासांत आणि सर्वसाधारण मागणीवर सात दिवसांत निर्णय देणे अपेक्षित आहे. ही मुदत २०२६ पासून लागू करण्यात आली.

विमा कंपन्यांच्या सहभागाबद्दल रुग्ण व डॉक्टर यांच्यात साशंकता आढळते. उपचारासाठी दिलेली माहिती हप्ता वाढवण्यासाठी किंवा दावा नाकारण्यासाठी वापरली जाईल, ही भीती त्यामागे असते. तिची दखल घेणाऱ्या काही तरतुदी अमेरिकी कायद्यांत आहेत. २००८ च्या कायद्याने आरोग्य विम्यासाठी जनुकीय माहितीच्या आधारे भेदभाव करण्यास मनाई केली. २०१० च्या आरोग्यसेवा कायद्यानुसार २०१४ पासून पूर्वीच्या आजाराच्या कारणावरून आरोग्य विमा नाकारता येत नाही. हिपाच्या नियमांनुसार उपचारासाठी पूर्ण नोंद देता येत असली तरी देयकासाठी केवळ आवश्यक तेवढीच माहिती द्यावी लागते. एखाद्या उपचाराचा संपूर्ण खर्च रुग्णाने स्वतः केला असेल, तर त्याची माहिती विमा कंपनीला देऊ नये अशी मागणी तो करू शकतो.

संमती, गोपनीयता व सुरक्षा

नोंदींच्या देवाणघेवाणीसाठी रुग्णाच्या संमतीच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. एका पद्धतीत रुग्णाने होकार दिल्याशिवाय त्याच्या नोंदी पाहता येत नाहीत; न्यूयॉर्क राज्याने या तत्त्वावर आपली व्यवस्था उभारली. दुसऱ्या पद्धतीत रुग्ण नकार कळवेपर्यंत त्याचा सहभाग गृहीत धरला जातो; मेरीलँड राज्याने ही पद्धत स्वीकारली. पहिल्या पद्धतीत रुग्णाचे नियंत्रण अधिक असते, पण बेशुद्ध रुग्णाच्या वेळी संमती घेतलेलीच नसल्याचा प्रसंग येऊ शकतो. दुसरीत नोंदी अधिक मिळतात, पण आपण सहभागी आहोत याची अनेक रुग्णांना कल्पना नसते. व्यसनमुक्ती उपचारांच्या नोंदींना अमेरिकेत वेगळे व अधिक कडक संरक्षण आहे. मानसिक आरोग्य, एचआयव्ही व प्रजनन आरोग्य यांच्या नोंदींबाबतही अनेक राज्यांत विशेष नियम आहेत.

नोंद कोणी, कधी व कशासाठी पाहिली याची आपोआप होणारी नोंद, भूमिकेनुसार मर्यादित प्रवेश आणि माहितीचे कूटबद्धीकरण हे सुरक्षेचे नेहमीचे उपाय आहेत. तरीही माहितीच्या केंद्रीकरणाबरोबर धोकाही एकवटतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील रुग्णालये व विमा कंपन्या यांच्यात दाव्यांची देवाणघेवाण करणाऱ्या चेंज हेल्थकेअर या कंपनीवर सायबर हल्ला झाला. सुमारे १९ कोटी लोकांच्या माहितीवर त्याचा परिणाम झाला. देयके अडकल्यामुळे देशभरातील औषध दुकाने व दवाखाने अडचणीत आले.

भारतातील स्थिती

भारतात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानके २०१३ मध्ये जाहीर केली व २०१६ मध्ये त्यांत सुधारणा केली. १५ ऑगस्ट २०२० रोजी घोषित झालेले राष्ट्रीय डिजिटल आरोग्य अभियान प्रथम सहा केंद्रशासित प्रदेशांत राबवण्यात आले आणि २७ सप्टेंबर २०२१ रोजी ‘आयुष्मान भारत डिजिटल अभियान’ या नावाने देशभर सुरू झाले. त्याची अंमलबजावणी राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाकडे आहे.

भारताने प्रादेशिक संस्थांऐवजी राष्ट्रीय पातळीवरील संघीय रचना निवडली. प्रत्येक इच्छुक व्यक्तीला १४ अंकी ‘आभा’ क्रमांक मिळतो. नोंदी रुग्णालयाकडे किंवा प्रयोगशाळेकडेच राहतात आणि रुग्णाने संमती दिल्यावर त्या मागणाऱ्या संस्थेकडे पाठवल्या जातात. कोणती माहिती, कोणत्या हेतूने व किती काळासाठी द्यायची हे संमतीत नमूद असते आणि ती मागे घेता येते. देवाणघेवाणीसाठी एफएचआयआर मानकाचा वापर होतो. विमा दाव्यांसाठी ‘राष्ट्रीय आरोग्य दावा विनिमय’ ही यंत्रणा उभारण्यात आली असून तिच्यात रुग्णालये, विमा कंपन्या व त्यांच्या वतीने दावे हाताळणारे मध्यस्थ एकाच नमुन्यात माहिती पाठवू शकतात.

बहुसंख्य लहान दवाखान्यांतील नोंदी अद्याप कागदावर असणे ही भारतातील प्रमुख अडचण आहे. खर्च कोणी करायचा हा प्रश्न येथेही उद्भवला. त्यावर उपाय म्हणून जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या प्रोत्साहन योजनेत आभा क्रमांकाशी जोडलेल्या नोंदींच्या संख्येनुसार रुग्णालये, प्रयोगशाळा व संगणकप्रणाली पुरवठादार यांना रक्कम देण्याची तरतूद करण्यात आली. लहान खाजगी दवाखान्यांना एका परिसरात गटाने जोडण्यासाठी ‘मायक्रोसाइट’ प्रकल्प हाती घेण्यात आला. त्याचे प्राथमिक प्रयोग मुंबई, अहमदाबाद व सुरत येथे झाले.

कायदेशीर संरक्षणाबाबत २०१८ मध्ये आरोग्यविषयक माहितीच्या सुरक्षेसाठी स्वतंत्र कायद्याचा मसुदा प्रसिद्ध झाला होता. त्यात विमा कंपन्या व नियोक्ते यांच्या व्यापारी वापरास मज्जाव करण्याचा प्रस्ताव होता, मात्र त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा सर्व प्रकारच्या वैयक्तिक माहितीला लागू होणारा सर्वसाधारण कायदा आहे. कोविड लसीकरणाच्या वेळी आधार क्रमांक देणाऱ्या अनेकांचे आरोग्य ओळख क्रमांक त्यांना स्पष्ट कल्पना न देता तयार झाल्याची टीका झाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणकांवर झालेल्या सायबर हल्ल्यानंतर तेथील कामकाज काही काळ कागदावर करावे लागले. या घटनांमुळे रुग्णाच्या नोंदी सहज उपलब्ध होणे आणि त्या सुरक्षित राहणे यांतील समतोलाचा प्रश्न भारतातही चर्चेत राहिला आहे.